चार तारा, एक लोकल आणि रात्रीचे दहा

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात दोन बातम्या वर्षभर आलटून-पालटून येत असतात. एक लोकलच्या गर्दीची, दुसरी लाउडस्पीकरच्या आवाजाची. पहिली वाचून आपण हळहळतो. दुसरीवर आपलं मत काय, ते बहुतेक वेळा मंडळ कोणाचं आहे त्यावर ठरतं. पण तुम्ही बेस गिटार वाजवत असाल, महिन्याला तीन-चार कार्यक्रम करत असाल किंवा करायची इच्छा असेल, तर या दोन्ही बातम्या थेट तुमच्या खरेदीच्या यादीत घुसतात. यूट्यूबवर गिअरचा रिव्ह्यू करणारा माणूस स्वतःच्या गाडीची डिकी उघडून सामान काढतो. तुम्ही ते डोंबिवलीच्या पाच नंबर प्लॅटफॉर्मच्या जिन्यावरून उतरवणार आहात.

आधी लोकल. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या गाडीतून खाली पडले, काहींचा जीव गेला. का पडले यावर नंतर बरीच चर्चा झाली. पाठीवरच्या बॅगांचा मुद्दा आला, रुळांच्या देखभालीचाही आला. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की यापुढच्या नव्या लोकलना, अगदी बिगर-एसी गाड्यांनाही, आपोआप बंद होणारे दरवाजे असतील. त्याच वर्षी मध्य रेल्वेने लोकलमधल्या लगेजच्या डब्यांपैकी एक डबा ज्येष्ठ नागरिकांसाठी राखून द्यायला सुरुवात केली. दोन्ही निर्णयांना विरोध करायचं काही कारण नाही. मात्र वाद्य घेऊन फिरणाऱ्याचं गणित त्यामुळे बदलतं. दार बंद होणाऱ्या गाडीत शेवटच्या क्षणी गिटार आत ढकलता येत नाही. आणि ढोलकीवाल्यापासून ऑक्टोपॅडवाल्यापर्यंत सगळ्यांचा आसरा असलेली लगेजची जागा तेवढ्याने आकसते.

बेस गिटार साधारण पावणेचार फूट लांब आणि चार किलोच्या आसपास वजनाची असते. बॅगेत घालून पाठीला लावली की तिचा शेंडा तुमच्या डोक्याच्या वर जातो, आणि तो कुठे आपटतोय हे तुम्हाला दिसत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर पहिली परीक्षा सोपी ठेवा. गिटार पट्ट्याने गळ्यात अडकवून वीस मिनिटं उभे राहा. खांदा दुखला किंवा मान आपोआप जमिनीकडे झुकायला लागली, तर ती गिटार कितीही देखणी असली तरी तीन तासांच्या ऑर्केस्ट्रात तुम्हाला छळणार. उंची कमी असेल तर ३० इंच स्केलची छोटी गिटार बघा, नेहमीचं स्केल ३४ इंचांचं असतं. हेडलेस गिटारला खुंट्या वर नसून खाली ब्रिजकडे असतात. नेड स्टाइनबर्गरने १९८०च्या सुमारास हा प्रकार आणला तेव्हा लोकांना तो विचित्र वाटला होता. आपल्या लोकलसाठी मात्र तो मुद्दाम बनवल्यासारखा आहे. फक्त काही हेडलेस गिटारना खास डबल-बॉल तारा लागतात आणि त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, हे घेण्याआधी विचारून घ्या.

पाच तारांची घ्यावी का, हा कायमचा प्रश्न. आपल्याकडे गायक 'काळी एक' म्हणाला की मूळ सूर सी शार्प. चार तारांवर सगळ्यात खालचा सूर ई, त्यामुळे तो सी शार्प तुम्हाला वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. पाचव्या तारेवर तो खाली मिळतो. मराठी-हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत याचा खरंच उपयोग होतो. पण वजन वाढतं, तारांचा सेट महाग होतो, आणि स्वस्त पाच तारांच्या गिटारवर ती खालची तार बऱ्याचदा नुसती गुरगुरते. पहिली गिटार चारचीच घ्या, असं माझं मत. आरडी बर्मनच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेले बेसचे तुकडे आजही प्रत्येक ऑर्केस्ट्राला लागतात. ते बसवता बसवता चार तारा किती पुरतात ते कळतं.

सेकंडहँड घेताना नेकवरच्या फ्रेटबोर्डचं लाकूड रोझवूड नाही म्हणून नाक मुरडू नका. २ जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्या कुळातल्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे निर्बंध आले. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली, पण मधल्या काळात अनेक कंपन्या पाऊ फेरो किंवा लॉरेलकडे वळल्या. लाकूड वेगळं म्हणजे गिटार हलकी असा अर्थ नाही. नेक सरळ आहे का आणि फ्रेट झिजल्यात का, ते बघा.

आता अ‍ॅम्प. माझा सल्ला: पहिली दोन-तीन वर्षं कार्यक्रमासाठी अ‍ॅम्प घेऊच नका. घरी रियाजाला छोटा चालेल, किंवा हेडफोन. १९६९ मध्ये आलेला अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी हा रॉकच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला बेस अ‍ॅम्प असेल. ३०० वॅट, आणि नुसत्या हेडचं वजन चाळीस किलोच्या घरात. शिवाय आठ स्पीकरचं कपाट वेगळं. तेव्हा स्टेजवरूनच सगळ्या हॉलला ऐकवायचं असायचं. आज क्लास-डी तंत्रामुळे ५०० वॅटचं हेड तीन किलोत बसतं हे खरं, पण स्पीकर तर लागतोच. आणि गडकरी रंगायतन असो, कल्याणचं अत्रे रंगमंदिर असो की डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, तुमचा आवाज लोकांपर्यंत जातो तो साउंडवाल्याच्या सिस्टीममधून. तुमची जबाबदारी त्याच्या मिक्सरपर्यंत चांगला सिग्नल पोहोचवायची.

त्यासाठी लागतो डीआय बॉक्स. गिटारचा नाजूक सिग्नल लांब केबलमधून खरखर न होता मिक्सरपर्यंत नेणारी ही पेन्सिल बॉक्सएवढी डबी. प्रीअ‍ॅम्पसकट डीआय घेतला तर आवाजाचा रंगही तुमच्या हातात राहतो. टेक २१ चा सॅन्सअ‍ॅम्प १९९४ पासून हेच काम करतोय. तो परवडत नसेल तर बेरिंगरचा बीडीआय २१ त्याच धाटणीचा आणि बराच स्वस्त आहे. बजेट पंचवीस हजार असेल तर सगळे गिटारवर उधळू नका. अठराची गिटार, चार-पाच हजारांत डीआय आणि दोन चांगल्या केबल, आणि उरलेल्यात जाणकाराकडून सेटअप. सेटअप न केलेली चाळीस हजारांची गिटार सेटअप केलेल्या अठरा हजारांच्या गिटारपुढे मार खाते.

अर्थिंगचं काय?

हा भाग जरा सावकाश वाचा. मांडवात, सोसायटीच्या गच्चीवर, लॉनवर वीज कुठून आली आहे हे बहुतेक वेळा कोणालाच नीट माहीत नसतं. जनरेटर, त्यावरून ओढलेली वायर, तिला तीन एक्स्टेन्शन बोर्ड, आणि कुठेतरी थ्री-पिनची जाड पिन काढून टाकलेली. अशा ठिकाणी तुमच्या गिटारच्या तारा एका अर्थिंगशी जोडलेल्या असतात आणि समोरचा माइक दुसऱ्याच. दोन्हींत फरक असेल तर हात तारांवर आणि ओठ माइकवर गेले की करंट तुमच्यातून जातो. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वॉन्सी इथे लेस्ली हार्वे हा गिटारिस्ट स्टेजवर असाच गेला. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्याने हात लावला होता. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा टेस्टर बॅगेत ठेवा. साउंडचेकच्या आधी माइकच्या जाळीला आणि स्टँडला लावून बघा. दिवा पेटला तर वाजवायचं नाही. आयोजक कितीही घाई करू देत. दिवा पेटला नाही म्हणजे सगळं शंभर टक्के सुरक्षित असं मात्र समजू नका. बारीक झिणझिण्या आल्या तरी थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की बऱ्याचदा घूं आवाज जातो, ते बिनधास्त वापरा. पण आवाज घालवायला कोणी अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन तोडायला सांगत असेल तर त्याला तिथेच अडवा. दोन्ही गोष्टी ऐकायला सारख्या वाटतात, पण पहिलीत फक्त सिग्नलची तार सुटते आणि दुसरीत जीव वाचवणारी.

मीटर सोडतो, शेजारी सोडत नाही

दुसरी बातमी आवाजाची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. उत्सव आले की यावरून वाद पेटतो, आणि त्यात 'बेस' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. बिचाऱ्या डीजेच्या सबवूफरचं पाप तुमच्या चार तारांच्या माथी येतं.

यात एक गंमत आहे, फारशी कोणी न सांगितलेली. नियमातला डेसिबल 'ए' प्रकारचा आहे. म्हणजे मीटर आवाज मोजताना माणसाचा कान हळू आवाजात जसा ऐकतो तसा हिशेब लावतो आणि खालचे सूर जवळजवळ सोडून देतो. तुमच्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. त्या पट्ट्यात मीटर सुमारे ३४-३५ डेसिबल कमी धरतो. नव्वदचा शुद्ध खालचा सूर त्याला पंचावन्न-छप्पन दिसतो. पण हेच सूर भिंती आणि खिडक्या सहज ओलांडतात. म्हणून पोलिसांच्या मीटरवर आकडा बरा दिसतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या शोकेसमधल्या काचा थरथरतात. काका खोटं बोलत नसतात, मीटरही खोटा नसतो. नियमाने खालच्या सुरांसाठी वेगळं माप ठेवलं असतं तर ही भांडणं निम्मी झाली असती, असं मला वाटतं.

नियम बदलेपर्यंत तुमच्या हातात काय? प्रीअ‍ॅम्पवर बेसची खुंटी पूर्ण वळवून ठेवायची सवय सोडा. छोट्या कार्यक्रमातले बारा-पंधरा इंची स्पीकर तसेही सगळ्यात खालचे सूर नीट देत नाहीत. ते नुसते धडपडतात आणि साउंडवाला वैतागून तुमचा चॅनेल खाली करतो. हाय-पास फिल्टर असेल तर ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. मिड वाढवा, पाचशे ते आठशेच्या मधलं. सूर तिथेच ओळखू येतो, फोनवर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतही. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज कर्कश वाटेल, बँडमध्ये तोच बरोबर बसतो.

दहाच्या नियमावर चिडणाऱ्या वादकांना एवढंच सांगेन की त्यामुळेच परतीची लोकल मिळते.

पावसाळ्याचे चार महिने

आपल्या हवेत जूनपासून लाकूड पाणी पितं. नेक फुगते, वाकते, तारा बोर्डापासून वर जातात आणि बोटं दुखायला लागतात. पहिली आणि शेवटची फ्रेट एकाच वेळी दाबा, मधल्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. खूप जास्त असेल तर ट्रस रॉड पाव वळसा, एका वेळी पावच, आणि मग एक दिवस थांबा. जोर लावावा लागत असेल तर हात काढा आणि जाणकाराकडे न्या. ट्रस रॉड तुटली तर गिटारच्या किमतीएवढा खर्च समोर उभा राहतो. भिजलेल्या बॅगेत गिटार रात्रभर ठेवू नका. घरी आल्यावर कितीही झोप आली असली तरी बाहेर काढा, तारा खालून-वरून सुती कापडाने पुसा. घामाने तारा मरतात, वाजवण्याने त्या मानाने कमी. फ्लॅटवूंड तारा घेतल्यात तर वर्षानुवर्षं जातात. मोटाउनचा जेम्स जेमरसन तर तुटल्याशिवाय बदलायचाच नाही म्हणतात. राउंडवूंडचा आवाज मेला तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाकून, पूर्ण वाळवून पुन्हा चढवा, काही दिवस निघतात. त्यासाठी घरातलं चहाचं पातेलं वापरू नये.

स्टेजवर ऐनवेळी बंद पडतं ते बहुतेक वेळा दोनपैकी एक. एक, गिटारचा सैल झालेला जॅक. त्याचं नट दर महिन्याला आवळा, आणि सोल्डरिंग शिकून घ्या, मोबाइल-रिपेअरवाला मित्र एका दुपारी शिकवेल. दोन, अ‍ॅक्टिव्ह गिटारची नऊ व्होल्टची बॅटरी. केबल लावलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, वाजवा अथवा न वाजवा. मध्यंतरात चहाला जाताना केबल काढा. एक नवी बॅटरी आणि एक जास्तीची केबल कायम बॅगेत असू द्या.

आणि कान. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटं, एवढीच दिवसाची सुरक्षित मर्यादा अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते. ड्रमरच्या झांजेशेजारी तुम्ही दोन तास उभे असता. संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग सगळे सूर सारखेच कमी करतात, कापसाच्या बोळ्यासारखं गुदमरवत नाहीत. एका तारांच्या सेटच्या किमतीत साधी जोडी येते.

तुमच्यापैकी बरेच जण यंदा कॉलेज फेस्टच्या कमिटीत असतील. साउंडचं कोटेशन मागवताना त्यात चार ओळी जास्त लिहा: दोन डीआय बॉक्स, स्टेजवर एक बेस अ‍ॅम्प, स्टेजच्या सगळ्या सॉकेटना तपासलेली अर्थिंग, आणि बेसवाल्यासाठी एक मॉनिटर. हे आधी मागितलं तर साउंडवाला भाडं थोडं वाढवून देतो. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मागितलं तर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही, आणि मग टिटवाळ्याहून आलेला कोणीतरी पोरगा गिटार मांडीवर घेऊन ग्रीनरूममध्ये बसून राहतो.