जादूचा कॅट विकत मिळतो, पुढचं काय?

गॅदरिंगचे दिवस जवळ आले की कँटीनमधल्या एखाद्या टेबलाभोवती गर्दी जमायला लागते. मध्ये कुणीतरी पत्ते पिसत बसलेलं असतं. ‘कुठलंही एक पान काढ, मला दाखवू नकोस.’ पान परत कॅटमध्ये जातं, वरून एक फुंकर मारली जाते आणि बदामची राणी बरोब्बर वर येते. टाळ्या पडतात. मग मागून एक आवाज येतोच, ‘ए, पत्तेच खोटे आहेत रे! ऑनलाइन मिळतात असले.’

आवाज देणाऱ्याचं पुष्कळदा खरंही असतं. जादूसाठी मुद्दाम वेगळे छापलेले, वेगळे कापलेले पत्ते मिळतात आणि ते काही आजच मिळायला लागलेले नाहीत. प्रश्न एवढाच की, ते वापरले म्हणून खेळ खोटा ठरतो का? यंदा तुमच्यापैकी ज्यांनी टॅलेंट राउंडला ‘मॅजिक’ म्हणून नाव दिलंय, त्यांनी याचं उत्तर स्टेजवर चढायच्या आधीच ठरवलेलं बरं. आमचं उत्तर आहे, नाही ठरत. पण असा कॅट घेतला की आपलं काम संपलं, असं वाटत असेल तर फसगत तुमचीच होणार, प्रेक्षकांची नाही.

हे पत्ते असतात तरी कसे? सगळ्यात साधा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंना पाठच छापलेलं पान. किंवा दोन्ही बाजूंना चित्र, एकीकडे चौकटची सत्ती आणि उलटं केलं की इस्पिकचा गुलाम. काही पानांवर पाठ असते, पण पुढे काहीच नसतं, कोरं. यातली खरी गोम पाठीत आहे. तुमच्या घरच्या कॅटची पाठ वेगळी आणि या एका पानाची वेगळी असेल तर पहिल्याच मिनिटाला बोंब. ‘बायसिकल’ हा अमेरिकन ब्रँड १८८५पासून चालत आलाय. जादूगारांचा तो लाडका असण्याचं एक मोठं कारण हेच की, त्याच पाठीचे साधे पत्तेही मिळतात आणि हे खास छापलेलेही. दोन्ही एकत्र ठेवले तरी डोळ्याला फरक कळत नाही.

दुसरा प्रकार अख्ख्या कॅटचा. ‘स्वेंगाली डेक’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. यात साधारण अर्धी पानं नेहमीसारखी वेगवेगळी असतात आणि उरलेली सगळी एकच. समजा, किलवरचा राजा. हे राजे बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड कापलेले असतात आणि एक सोडून एक लावलेले असतात. एका दिशेने पानं फरफर सोडली की सगळी वेगवेगळी दिसतात, दुसऱ्या दिशेने सोडली की सगळीकडे किलवरचा राजाच. समोरच्याने कुठेही बोट घातलं तरी त्याच्या वाट्याला राजाच येतो. आता हे गुपित आम्ही फोडलं म्हणून कुणी रागावू नका. हा कॅट विकणारेच त्याचा डेमो देतात. नाव मात्र झकास आहे. जॉर्ज द्यु मोरिए यांच्या ‘ट्रिल्बी’ या १८९४च्या कादंबरीत स्वेंगाली नावाचा संमोहनकार आहे. त्याच्या तावडीत सापडलेल्या मुलीला स्वतःची मर्जी म्हणून उरत नाही. या कॅटमधून पान निवडणाऱ्याचंही तेच होतं.

आणखी एक प्रकार आहे, एका टोकाला अगदी जरासे निमुळते कापलेले पत्ते. एखादं पान उलट दिशेने आत सरकवलं की त्याची कड बाहेर डोकावते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. हे पत्ते मुळात जादूगारांपेक्षा जुगाऱ्यांच्या जास्त कामाचे. झ्याँ-युजेन रोबेर-उदँ हा एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला फ्रेंच जादूगार. त्याने १८६१ मध्ये जुगारातल्या पत्तेबाजांच्या लबाड्या उघड करणारं पुस्तकच लिहिलं आणि त्यात या निमुळत्या पत्त्यांचीही माहिती दिली. एका जादूगाराला हे पुस्तक लिहावंसं वाटलं, यात आमच्या मते सगळं आलं. पान तेच, बोटांची हालचालही जवळपास तीच. पण जुगाराच्या टेबलावर बसलेल्याला ठाऊक नसतं की, आपल्याला कुणी गंडवणार आहे. जादू बघायला आलेल्याला ते पक्कं ठाऊक असतं. किंबहुना त्यासाठीच तो आलेला असतो.

आता, ‘खरा जादूगार फक्त हातचलाखी करतो, खास पत्ते म्हणजे पळवाट’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. हॅरी हुदिनी अशी बढाई मारायचा की, पत्त्यांचा कुठलाही खेळ मला तीनदा दाखवा, मी ओळखून दाखवतो. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या तरुणाने त्याला एक खेळ दाखवला. हुदिनीने पानावर स्वतःची आद्याक्षरं लिहिली. व्हर्ननने ते पान वरून दुसरं ठेवलं आणि वरचं पान उलटलं, तर सहीचंच पान. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तीनदा झालं, त्यानंतरही व्हर्नन करत राहिला, पण हुदिनीला काही पत्ता लागला नाही. ‘हुदिनीला फसवणारा माणूस’ ही ओळख व्हर्ननला आयुष्यभर पुरली. त्या खेळात एक दोन्ही बाजूंना पाठ असलेलं पान होतं, असं जादूगारांच्या वर्तुळात सांगितलं जातं. हुदिनी काही नवखा नव्हता. असली पानं असतात हे त्याला माहीत नसणं शक्यच नाही. तरी त्याला ते सुचलं नाही, कारण व्हर्ननच्या हाताने ते सुचूच दिलं नाही. पुढे याच व्हर्ननला हातचलाखीचा ‘प्रोफेसर’ म्हणून अख्खी जादूची दुनिया मानू लागली. ज्याच्या हातात एवढी कला होती, त्याला एका छापील पानाची लाज वाटली नाही. मग तुम्ही का वाटून घेताय?

फक्त एक लक्षात घ्या. त्याने एक पान वापरलं, बाकीचा कॅट साधा. तुम्ही बावन्नच्या बावन्न पानं खास घेऊन बसता तेव्हा अडचण वेगळीच होते. खेळ संपतो, समोरचा हात पुढे करतो, ‘बघू कॅट.’ इथे निम्मे नवशिके गडबडतात. कॅट पटकन खिशात, चेहरा लाल, आणि जमलेलं सगळं मुसळ केरात. यावर जादूगारांचा जुना उपाय म्हणजे त्याच पाठीचा दुसरा, साधा कॅट जवळ ठेवायचा आणि सगळे हसत असताना, टाळ्या वाजवत असताना अदलाबदल करायची. हे काम कुठलाही छापखाना करून देत नाही. ती अदलाबदल सहज जमायला जे आठवडे लागतात, तीच खरी प्रॅक्टिस. आरशासमोर नाही तर मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा. आपण कधी खाली बघतो, कुठे श्वास रोखतो, हे बघताना बरं वाटणार नाही, पण कळेल.

दुसरी वाईट सवय म्हणजे सुरुवातीलाच ‘हा बघा साधा कॅट’ असं सांगणं. कुणी विचारलं होतं? साधा कॅट हातात असताना आपण असं कधी म्हणतो का? तुम्ही म्हणालात की लोक कॅटकडेच टक लावून बघणार. आणि रीलचं म्हणाल तर रीलवर हा कॅट भारी चालतो, कारण स्क्रीनमधून हात घालून कुणी पत्ते मागू शकत नाही. म्हणूनच रीलवर लाइक्स मिळालेला खेळ कट्ट्यावर चार मित्रांसमोर आपटतो. आधी कट्टा, मग रील, असा क्रम ठेवा.

आता जरा अवघड गोष्ट. हल्ली पत्त्यांच्या खेळाला ‘माइंड रीडिंग’ म्हणायची फॅशन आहे. ‘इन्व्हिजिबल डेक’ नावाचा एक कॅट मिळतो. समोरच्याने मनात धरलेलं पान कॅटमध्ये एकटंच उलटं निघतं. कसं, ते इथे सांगणार नाही. हा खेळ नीट केला तर माणूस अवाक होतो. त्या अवाक झालेल्या क्षणी त्याला काहीही पटवता येतं, आणि धोका तिथेच आहे. आपण अशा महाराष्ट्रात राहतो, जिथे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी, शाळा-कॉलेजांत चमत्कार करून दाखवले आणि लगेच त्यामागची युक्तीही सांगितली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे. तुमच्या गॅदरिंगमधल्या खेळाचा त्या कायद्याशी काही संबंध नाही, घाबरू नका. पण बाबाची सुरुवातही एका अवाक झालेल्या माणसापासूनच होते.

हे घडतं ते स्टेजवर नाही, खाली उतरल्यावर. वर्गातली एखादी मुलगी बाजूला येऊन हळूच विचारते, ‘खरंच कळतं का रे तुला मनातलं? माझं प्लेसमेंट होईल का, सांग ना.’ तिने आधीच दोन इंटरव्ह्यू घालवलेले असतात, घरून रोज फोन येत असतो. अशा वेळी गूढ हसून ‘होईल, होईल’ म्हणायचा मोह फार मोठा असतो. फुकटचा भाव मिळतो. तेव्हा तिला सरळ सांगा, ‘नाही गं, पत्त्यांचा खेळ होता. मजा येते म्हणून शिकलो.’ खेळ कसा केला, हे मात्र तिने कितीही गळ घातली तरी सांगू नका. वाटल्यास पुढच्या इंटरव्ह्यूच्या तयारीला तिच्याबरोबर बसा.