पर्समधला पंप

पाऊस ओसरला की पुण्यात दोन प्रकारची माणसं दिसायला लागतात. एक, "काय सुंदर हवा पडली आहे!" म्हणत टेकडीवर फिरायला जाणारी. आणि दुसरी आमच्यासारखी, उठल्या उठल्या लागोपाठ पंधरा-वीस वेळा शिंकणारी. आमच्या घरात तर मोजणीही होते. "आज बावीस!" असं चिरंजीव आतून ओरडून सांगतात, जणू काही मी शतकाच्या जवळ आले आहे :)

या दुखण्याला मराठीत धड नावसुद्धा नाही. कोशात ‘परागज्वर’ असा शब्द सापडतो, पण तो मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. आपण म्हणतो ‘सर्दी’, ‘धुळीची ॲलर्जी’, किंवा सगळ्यात छान म्हणजे ‘हवा मानवत नाही’. इंग्रजीतलं ‘हे फीव्हर’ हे नावही तसं फसवंच. ना त्यात वाळक्या गवताचा दोष, ना अंगात ताप. जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी १८१९ मध्ये लंडनमध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं, ते स्वतःच्याच नाकाडोळ्यांचं. पण कारण त्यांना सापडलं नाही, ते उन्हाळ्याच्या उष्म्याला दोष देत राहिले. ते शोधलं मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. हेही आमच्याच जातकुळीतले. हवेत किती उंचीवर किती परागकण आहेत हे बघायला या गृहस्थांनी चिकट काचा लावून चक्क पतंग उडवले! १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि गवताचे परागकण हे कारण पक्कं झालं. म्हणजे दीडशे वर्षं होऊन गेली. आपण मात्र अजून "काल दही खाल्लं होतंस ना?" इथेच आहोत.

पुण्याचा तर या बाबतीत खास मान आहे. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, कुठे कुठे चटकचांदणीही म्हणतात, ते आपल्या देशात ठळकपणे नजरेस आलं ते १९५५ च्या सुमारास आणि पुण्यातच. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. आता रेल्वेच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, बांधकामाच्या राडारोड्यावर, जिथे माती उकरली तिथे ते हजर. अंगाला लागलं तर काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं, फुलोऱ्याने नाक वाहतं. पण सगळा दोष त्याच्यावर टाकायचंही कारण नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि बुरशी धरते. भाद्रपद-आश्विनात गवतं फुलतात. मग दिवाळीची साफसफाई, फटाक्यांचा धूर, थंडीतली जड हवा. तेवढ्यात सावरतोय म्हणेपर्यंत वावळाला फुलोरा येतो. ज्याचं त्याचं पंचांग वेगळं असतं, आणि ते ज्याचं त्यानेच मांडावं लागतं. कारण माझ्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात पाऊस मिलिमीटरमध्ये आणि सोनं रुपयांत असतं, परागकणांचा आकडा कुठेच नसतो. मी तीन वर्षं भिंतीवरच्या कालनिर्णयवर नुसत्या फुल्या केल्या. चौथ्या वर्षी डॉक्टरांना दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, "हे माझ्या प्रश्नांपेक्षा उपयोगी आहे."

असो. नाक गळण्याचं कौतुक इथेच थांबवते, कारण खरं बोलायचंय ते छातीबद्दल.

नाक आणि फुप्फुसं ही एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत. नाकाकडे दुर्लक्ष केलं की बऱ्याच जणांच्या बाबतीत दुखणं हळूहळू खाली उतरतं. रात्री खोकल्याची उबळ, पहाटे छातीत सुईसुई, जिना चढताना धाप. "नुसती सर्दीच तर आहे" म्हणणाऱ्यांना मी मेलबर्नची गोष्ट सांगते. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे वादळ झालं. हवेतले गवताचे परागकण ओलाव्याने फुगून फुटले आणि त्यांचा बारीक चुरा लोकांच्या फुप्फुसात खोलवर गेला. काही तासांत हजारो माणसं दवाखान्यांत पोहोचली, दहा जण दगावले. त्या रात्री धाप लागलेल्यांत अनेक जण असे होते की ज्यांना त्याआधी दमा आहे असं कुणी सांगितलेलं नव्हतं, फक्त दरवर्षी शिंका यायच्या. आणि भारतीय, आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण त्यात डोळ्यांत भरण्याइतकं होतं. आता तिथे हंगामात अशा वादळाचा अंदाज आधी जाहीर करतात.

आपल्याकडे अडतं कुठे? औषधापाशी नाही. लाजेपाशी.

माझी एक भाची आहे, सव्वीस वर्षांची, नोकरी करते, ट्रेकला जाते. ऑक्टोबर ते जानेवारी तिला पंप लागतो. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा तिच्या आजीने पहिली सूचना दिली, "पाहुण्यांसमोर तो पंप बाहेर काढू नकोस." चष्मा चालतो, दाताला तार चालते, थायरॉईडची गोळी रोज सकाळी चालते. पंप मात्र दिसता कामा नये. का? तर पंप म्हणजे ‘शेवटचा उपाय’, पंप म्हणजे ‘कायमचं लागलं’, आणि वर ‘दमा दमाबरोबरच जातो’ हे आहेच. आजींचा राग नाही येत मला. त्यांनी पाहिलेले दमेकरी म्हणजे खाटेवर उकिडवे बसून रात्र काढणारे. त्यांच्या तरुणपणी पंप होता कुठे घरोघरी? आज आपण वापरतो ते सालब्युटामॉल बाजारात आलं १९६९ मध्ये, आणि सूज कमी करणारा पहिला स्टिरॉइडचा पंप १९७२ मध्ये. पण आजींची भीती आपण, शिकलेल्यांनी, जशीच्या तशी पुढे का चालवावी? पॉला रॅडक्लिफ या धावपटूला लहानपणापासून दमा. २००३ मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली. ती काही पंप लपवत नव्हती.

"सवय लागते" हे तर इतक्यांदा ऐकलंय! जरा साधा हिशेब करून बघा. पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम, दोन फवारे म्हणजे २००. त्याच औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. वीस पट! कारण गोळी सगळ्या अंगभर हिंडून मग छातीत पोहोचते, आणि वाटेत हात थरथरणं, छाती धडधडणं वगैरे करून जाते. तरीही लोकांना गोळी ‘साधी’ वाटते आणि पंप ‘स्ट्राँग’.

याहून मोठी गंमत नाकाच्या थेंबांची आहे. चोंदलेलं नाक मिनिटात मोकळं करणारे ते थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की नाक उलट जास्तच चोंदतं आणि थेंबांवाचून उघडेनासं होतं. सवय लागणारी वस्तू असेल तर ती ही! आणि ती घरोघरी टीव्हीच्या शेजारी राजरोस उभी असते. जिची सवय लागत नाही ती मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यात.

लपवण्याचा खरा तोटा वेगळाच आहे. लपवून घेतलेलं औषध फक्त धाप लागल्यावर घेतलं जातं. तात्पुरता आराम देणारा पंप ओढायचा, बरं वाटलं की विसरायचं. पण त्या पंपाने नळ्या मोकळ्या होतात, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवणारं औषध रोज, काही त्रास नसतानाही घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच आपल्याला पटत नाही. ‘जिना’ या दम्यासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसता तात्पुरत्या आरामाचा पंप देऊन भागवू नये, सोबत सूज कमी करणारं औषध हवंच. मी डॉक्टर नाही, कुणी कुठला पंप घ्यावा हे मी सांगणार नाही. पण तुमच्याकडे एकच पंप असेल आणि तो महिन्या-दोन महिन्यांत संपत असेल, तर हे डॉक्टरांना विचारायला हवं एवढं मात्र सांगेन.

काढ्यांशी माझं भांडण नाही. अडुळसा, ज्येष्ठमध, गवती चहा सगळं घरात आहे, घसा छान शेकतो. हैदराबादला मृग लागताना जिवंत मासा गिळायला हजारो लोक रांगेत उभे राहतात, त्यांचीही टिंगल करावीशी वाटत नाही. श्वास न मिळणारा माणूस कुठल्याही रांगेत उभा राहील. आणि पैशाचाही प्रश्न आहेच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दिवसभर चार घरांची धूळ झाडतात. गोळ्यांची पट्टी त्यांना परवडते, पंपाची किंमत ऐकून त्या परत फिरल्या होत्या. त्यांच्या बाबतीत ‘लाज’ हा शब्द वापरायचा मला हक्क नाही. मावशी आमच्याकडे तोंडाला ओढणी बांधून, ओल्या फडक्याने पुसतात आता. कोरडा झाडू मी बंदच केला. बाकीच्या तीन घरांत काय चालतं ते माझ्या हातात नाही.

दिवाळीच्या साफसफाईबद्दल एक राहिलंच. माळा काढणं हे काम घरातल्या बाईचंच, मग तिला धाप लागत असली तरी, हा नियम कुणी केला मला माहीत नाही. वर्षभराची धूळ, झुरळं, जुन्या गाद्या, आणि नेमकी हवा वाईट असताना. "मला दमा आहे, मी माळ्यावर चढणार नाही" हे वाक्य उच्चारायला किती बायकांना जमतं? आमच्याकडे यंदा माळा यजमान आणि चिरंजीव काढणार आहेत. दोघांना मास्क आणून ठेवलेत. चिरंजीवांनी विचारलं, "आणि तू काय करणार?"

मी बाल्कनीत बसून त्यांच्या शिंका मोजणार आहे.