इंजिन नवे, ब्रेक जुने

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर तासभर उभे राहा. क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागलेली असते. त्या रांगेत एखादी गाडी अशी दिसते, की तिचे तोंड जुन्या महिंद्रा जीपचे, हौदा गावातल्या वेल्डरने बांधलेला आणि बॉनेटखालचा आवाज मात्र स्कॉर्पिओचा. जाणकार माणूस आवाज ओळखतो, हसतो आणि पुढे जातो. मला हसू येत नाही. अशी एक गाडी आमच्या घरी होती.

अब्बांनी घेतली तेव्हा तिच्यात प्यूजोचे डिझेल इंजिन होते. मंचरच्या बाजारात बटाटा, ओतूरला कांदा, लग्नाची वऱ्हाडे, आजारी माणसे, सगळे त्या हौद्यातून गेले. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणे तिने केली. अखेर इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. नव्या पिकअपच्या हप्त्यांचा हिशेब जमेना आणि अब्बांची गाडी भंगारात घालायला मन होईना. धाकट्या भावाने अपघातात मोडलेल्या एका स्कॉर्पिओचे इंजिन मिळवले. आमच्याच नात्यातल्या मिस्त्रीने नवे फाउंडेशन केले, गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट लेथवर काढून घेतली, प्रोपेलर शाफ्ट कापून बसवला, वायरिंग ओढले. गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी मोहल्ल्यात पेढे वाटले.

आठ महिन्यांनी भीमाशंकरकडून घोडेगावला हिरड्याची पोती घेऊन उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. गाडीने एका दुचाकीला उडवले आणि दरडीला जाऊन थांबली. भावाचा पाय मोडला. दुचाकीवरचा माणूस वाचला, पण अनेक महिने अंथरुणाला खिळला. विम्याच्या सर्व्हेअरने इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला आणि आमचा दावा तिथेच संपला. जखमीची भरपाई कोर्टाने विमा कंपनीला आधी द्यायला लावली आणि आमच्याकडून वसूल करायची मुभा दिली. अब्बांनी घेतलेली अकरा गुंठे जमीन त्यात गेली.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "इंजिन कुठनं आणलं?" हा प्रश्न रास्तच होता. मग मिस्त्रीचे नाव विचारले. नाव ऐकल्यावर दुसरा प्रश्न आला, "चोरीचं आहे का?" मधे फक्त एक नाव होते. आमच्या दोन तालुक्यांत किती गॅरेजांवर आपल्या माणसांच्या नावाच्या पाट्या आहेत, हे मी सांगायला नको. शेतकरी रात्री अकराला "चाचा, बघा ना काहीतरी, सकाळी माल पोचवायचाय" म्हणत दार वाजवतो आणि चाचा उठतो. त्याच चाचाकडे इंजिनाची पावती नसली की तो एका क्षणात संशयित होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेला तपशील आणि नोंदणीतला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. नियमाबाहेर बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

याच कलमात सीएनजीच्या मान्यताप्राप्त किटला वाट आहे. बॅटरीच्या किटला वाट आहे. थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे इंजिन परवानगीने बसवता येते. पण चाळीस वर्षांपूर्वीचे प्यूजो इंजिन आज आणायचे कुठून? मग शेतकऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात, गाडी भंगारात द्या किंवा गुपचूप बदल करा. २०२१ च्या स्क्रॅप धोरणाने पहिला रस्ता रुंद केला. दुसऱ्या रस्त्यावर कागदपत्र तपासणारा कोणी नाही, ब्रेक तपासणाराही नाही. अपघात होतो तेव्हाच सरकार तिथे पोचते.

यातला विनोद असा, की या गाडीचा इतिहासच इंजिन बदलण्याचा आहे. १९४५ मध्ये कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पाटीवर दुसऱ्यांदा महिंद्रा आले. १९४७ पासून इथे जुळवली जाणारी विलीज जीप पेट्रोलची होती. पुढे तिच्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन आले. १९७९ मध्ये प्यूजोशी करार झाला आणि फ्रेंच इंजिन आले. अमेरिकन सांगाडा, ट्रॅक्टरचे काळीज, मग फ्रेंच काळीज. कारखान्यात केले की त्याला प्रगती म्हणतात, लिंबाच्या झाडाखाली केले की गुन्हा.

पण इथेच थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. कारखाना आणि लिंबाचे झाड यांत एक खरा फरक आहे. कारखाना इंजिन बदलतो तेव्हा त्याबरोबर ब्रेक, डिफरन्शियल आणि कूलिंगही नव्याने तपासतो. आमच्या गाडीचे जुने इंजिन साधारण साठ अश्वशक्तीचे होते. नवे एकशे वीसचे. ताकद दुप्पट झाली म्हणून हौद्यात मालही जास्त भरू लागलो. ब्रेक मात्र अब्बांच्या वेळचेच. इंजिनावर पैसे खर्च झाले, पेढ्यांवर झाले, ब्रेकवर एक रुपया नाही. त्या मिस्त्रीने भावाला एकदा सांगितले होते, "बूस्टर आणि पुढे डिस्क बसवून घे." भाऊ म्हणाला, "पुढच्या हंगामात बघू." मिस्त्रीने गाडी तरीही दिली. ती द्यायला नको होती. आम्हीही घ्यायला नको होती.

धुराबद्दलही खरे बोलू. नवे इंजिन कमी धूर सोडते ते एकट्या इंजिनामुळे नाही. त्याचे सेन्सर, त्याचा कॉम्प्युटर, सायलेन्सरमधले धूर गाळणारे भाग, हे सगळे मिळून ते काम करतात. आपण इंजिन आणतो आणि "कटकट नको" म्हणून ते भाग काढून टाकतो. मग पर्यावरणाचा मुद्दा आपल्या तोंडी शोभत नाही. आणि आहुप्याच्या रस्त्यावर एखादा सेन्सर गेला तर गाडी रांगायला लागते. स्कॅनर मंचरला. जुने इंजिन निदान पान्याने ऐकत होते.

तरी मी म्हणतो, वाट हवी. शहरातला हौशी माणूस जुनी जीप सजवतो, तिला क्लासिक म्हणतो, रविवारी डोंगरात नेतो. त्याला दंड परवडतो. आमच्याकडे जुनी गाडी हौसेसाठी नसते, ती घरातला कमावता माणूस असते. तिचे आयुष्य वाढवणे ही चैन नाही.

ही वाट आखायला फार लांब जायला नको. वाहने तपासून प्रमाणित करणारी एआरएआय पुण्यात आहे. महिंद्राचा कारखाना चाकणला आहे. आमच्या गाड्यांचे एमएच-१४ चे आरटीओ पिंपरी-चिंचवडला आहे. कोणत्या सांगाड्यात कोणते इंजिन चालेल, त्याबरोबर कोणते ब्रेक सक्तीचे, याची यादी तिथे तयार होऊ शकते. इंजिन कोणत्या मोडीत निघालेल्या गाडीचे आहे याची पावती, भारासह ब्रेकची चाचणी, धुराची चाचणी, आणि मग आरसीवर नवा नंबर. तालुक्याच्या आयटीआयमध्ये परीक्षा घेऊन मिस्त्रीला परवाना द्या. त्याची सही त्या कागदावर असू द्या. मग त्याचे नाव ऐकून कोणी "चोरीचं आहे का?" विचारणार नाही, आणि ब्रेक न बदलता गाडी सोडायची हिंमत त्यालाही होणार नाही. आज तो संशयित आहे आणि बेजबाबदारही राहू शकतो. परवान्याने दोन्ही मिटेल.

तोवर आपल्या गॅरेजवाल्यांना माझे सांगणे एवढेच. पावती नसलेले इंजिन दारात घेऊ नका. ब्रेक न बदलता इंजिन बदलू नका, गिऱ्हाईक कितीही रडो. आणि बदललेली गाडी विकताना घेणाऱ्याला तसे तोंडावर सांगा. ऐब लपवून माल विकू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. त्यासाठी आरटीओने येऊन सांगायची गरज नाही.

आमची गाडी अजून ठाण्याच्या आवारात आहे. चाके रुतली आहेत, हौद्यात गवत उगवले आहे. भाऊ लंगडत दुसऱ्याची पिकअप चालवतो. तिचा हप्ता दुसरा भरतो. परवा मी त्याला विचारले, ब्रेक कसे आहेत? म्हणाला, "रोज सकाळी आधी तेच बघतो."

हे आठ महिने आधी बघायला हवे होते. आम्हीही आणि सरकारनेही.