क तुकडी जन्माला येत नाही, बनवली जाते

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांची पोरं सातवी-आठवीत आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. काही शिक्षक मित्रांना राग येईल, येऊ द्या.

आपल्या तालुक्यातल्या एका हायस्कूलनं यंदा आठवीच्या तुकड्या सातवीच्या मार्कांवर लावल्या. वरची पोरं अ, मधली ब, उरलेली क. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्या एका शाळेवर तुटून पडतात आणि बाकीच्या शाळा सुटतात. हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि सगळ्यांना माहीत आहे. अ म्हणजे सेमी, गणित-विज्ञान इंग्रजीतून. क म्हणजे काय, ते कुणी फळ्यावर लिहीत नाही, पण पोरांना पहिल्या आठवड्यातच कळतं.

माझी भाची क मध्ये आहे. तिच्या आणि शेजारच्या अ मधल्या पोराच्या वेळापत्रकाचे कागद शेजारी ठेवून बघितले. अ ला गणित दुसऱ्या तासाला, शाळेतले सगळ्यात अनुभवी सर. क ला गणित मोठ्या सुट्टीनंतर, शिकवायला तासिका तत्त्वावरचे शिक्षक, आणि जूनपासून दोनदा बदललेले. स्कॉलरशिपचा जादा तास फक्त अ ला. मग सहामाहीत क चे मार्क कमी येणार नाहीत तर काय? आणि ते आले की स्टाफरूममध्ये चहा पिताना म्हणायचं, बघा, आम्ही आधीच सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! अहो, घडा पालथा कुणी घातला?

"शिक्षकाला काय वाटतं त्यानं पोराची बुद्धी बदलते होय?" असं कुणी विचारेल. अमेरिकेत रोझेंथल आणि जेकबसन यांनी 1965 मध्ये एका प्राथमिक शाळेत हेच तपासलं. चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली, ही मुलं यंदा एकदम पुढं जातील म्हणून. नावं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचललेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्ध्यांक चाचणीतली वाढ बाकीच्यांपेक्षा जास्त निघाली. या प्रयोगावर टीका भरपूर झाली, वरच्या वर्गांत तसा परिणाम दिसला नाही, पुढच्या अभ्यासांत तो लहानच निघाला. हे मी लपवत नाही. पण तिथं तर शिक्षकांच्या डोक्यात फक्त एक खोटी यादी होती. आपल्याकडं यादीबरोबर शिक्षक, तास आणि खोली सगळंच बदलतं.

त्याहून जवळचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या 642 मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, निम्मी मुलं वरच्या जातींची, निम्मी खालच्या मानलेल्या. जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, की खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कोडी कमी सुटली. पोरं तशीच, कोडीही तशीच. आता आपल्या क तुकडीचं हजेरीपत्रक उघडा आणि आडनावं वाचा. कोणत्या वस्तीतली पोरं आहेत, कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात ते बघा. मग मला सांगा, की तुकड्या "निव्वळ गुणवत्तेवर" लागल्यात.

आणि हो, अ वाल्या पालकांनीही फार खूश होऊ नये. म्युलर आणि ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास छापला. "तू हुशार आहेस" म्हणून ज्यांचं कौतुक झालं, ती मुलं पुढं सोपी गणितं मागायला लागली, आणि एकदा अवघड पेपर दिल्यावर नंतरच्या पेपरातही मागं पडली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकली. हुशारीचा शिक्का पण शिक्काच असतो.

आता शाळेची बाजू. एका वर्गात सत्तर पोरं, कुणाला भागाकार येत नाही, कुणी बीजगणित मागतंय, शिकवायचं कसं? प्रश्न खरा आहे. याचं उत्तर मुंबईतच सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं दिलंय. तेही पोरांचे गट पातळीनुसार पाडतात. पण दिवसातला थोडा वेळ, वाचन किंवा गणितापुरते. भागाकार आला की पोरगं पुढच्या गटात जातं. आणि मागं राहिलेल्यांकडं जास्त लक्ष, कमी नाही. आपली क तुकडी याच्या बरोब्बर उलटी. जूनमध्ये आत गेलेलं पोर दहावीलाच बाहेर पडतं.

कधी कधी तेही नाही. नववीनंतर पालकांना बोलावून हळूच सांगतात, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. का, तर शाळेच्या गेटवर 100 टक्के निकालाचा फ्लेक्स लावायचा असतो.

'ढ' हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून फारसं बदललंच नाही, म्हणून न बदलणाऱ्या पोराला ढ म्हणतात, असं सांगतात. अक्षराचं ठीक आहे. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मारायलाच नव्हे, मानसिक छळालाही बंदी घालतं. छडी गेली, ढ मात्र वर्गात अजून रोज ऐकू येतो. घरातही. पाहुण्यांसमोर "आमच्या हिला गणितात डोकंच नाय, माझ्यावर गेलीय" असं हसत म्हणणाऱ्या आया आणि बाप मी रोज बघतो. पोरगी तिथंच उभी असते हो.

शनिवारी पालकसभा आहे. मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे. दुसऱ्या सत्रापासून तुकड्या मिसळा. जमत नसेल तर अ चे गणिताचे सर निम्मे तास क ला द्या. आणि गेल्या पाच वर्षांत नववीनंतर किती पोरांना सतरा नंबरला लावलं, त्याचा आकडा सभेत वाचून दाखवा. अर्ज तयार आहे, सह्या हव्यात. क मधल्या पालकांना त्या दिवशी रोजंदारी बुडवून येता येत नसेल तर मी आदल्या संध्याकाळी घरी येऊन सही घेईन, कमेंटमध्ये फक्त वस्तीचं नाव टाका. अ मधले पालक सही करणार असतील तर त्यांनी आधी करा, म्हणजे कागदाला वजन येईल.