परत केव्हा येणार?

परमुलखात मराठी शब्द कानी पडला की मन हरखते. परंतु त्या माणसास आपण लगेच विचारतो, “परत केव्हा येणार?” हा प्रश्न मला अनुचित वाटतो; गाव सोडणे हा जणू अपराधच, असा सूर त्यात असतो. इस्रायलमध्ये दिमोनाच्या बाजारात मला एक वृद्ध बेने इस्रायली गृहस्थ भेटले. कोकणात या समाजाचे तेलाचे घाणे असत. शनिवारी काम वर्ज्य, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर त्यांतील पुष्कळजण तिकडे गेले. मीही तोच प्रश्न केला! ते शांतपणे म्हणाले, “मुले, नातवंडे सारी येथेच. आता कोठे यायचे?” पेणचे पोह्यांचे पापड अजून मिळतात का, हे मात्र त्यांनी दोनदा विचारले.