विश्लेषण : ओट्याचा दगड चढवण्याआधी खालची कपाटे तपासा!

नव्या घराचा ताबा मिळाला की स्वयंपाकघराची चर्चा एकाच प्रश्नावर अडते : ग्रॅनाइट काळा घ्यायचा की पांढरा? ओटा किती वर्षे टिकणार, हे मात्र रंगावर ठरत नाही. ते ठरते दगडाखाली काय आहे आणि दगडाचे माप केव्हा घेतले यावर.

जुन्या ओट्यात काय वेगळे होते?

जुना ओटा म्हणजे दगडावर दगड. कडप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यावर आडवा कडप्पा आणि वर ग्रॅनाइट. ट्रॉल्या नंतर आत बसवल्या जात. त्या खराब झाल्या तरी ओटा जागेवर राही. मॉड्युलर पद्धतीत दगडाचा भार थेट कपाटांवर येतो. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला साधारण ५ किलो. म्हणजे १० फूट लांब आणि २ फूट रुंद ओटा झाला १०० किलोंचा. शेगडी, मिक्सर, भरलेला कुकर वेगळाच. हे सारे पेलतात प्लायवूडच्या उभ्या बाजू आणि खालचे प्लास्टिकचे पाय.

पातळीचा एवढा आग्रह कशासाठी?

घरातली फरशी क्वचितच एका पातळीत असते. ग्रॅनाइट वाकत नाही. खाली पोकळी राहिली की दाब एका जागी येतो आणि तडा जातो. सर्वाधिक धोका सिंक आणि हॉबसाठी कापलेल्या भागापुढच्या चिंचोळ्या पट्टीला. म्हणून फरशीचा सर्वांत उंच भाग शोधून तिथून सुरुवात करायची. बाकीच्या कपाटांचे पाय फिरवून ती त्या पातळीला आणायची, एकमेकांना स्क्रूने आवळायची, भिंतीला पक्की करायची. पाणसळ लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे लावून पाहायची. सिंकखालच्या कपाटाला पुढे-मागे आडव्या पट्ट्यांचा आधार हवा. दगडाचा सांधा दोन कपाटे मिळतात तिथे यावा, सिंक किंवा हॉबवर नव्हे.

मग गडबड कुठे होते?

क्रमात. गृहप्रवेशाची तारीख जवळ आलेली असते आणि कपाटे कारखान्यातच असताना नकाशावरून दगड कापायला जातो. भिंत गुण्यात नसते. दगड येतो तेव्हा मागे फट दिसते, खाली पाचर ठोकली जाते आणि सिमेंटने सगळे झाकले जाते. वर्षभरात तडा गेला की दगडवाला सुताराकडे बोट दाखवतो, सुतार दगडवाल्याकडे. भुर्दंड घरमालकाला.

यावर उपाय साधा आहे. दगडाचे माप कपाटे पक्की झाल्यावरच घ्यावे, तेही सुतार आणि दगडवाला दोघे समोर असताना. काम चार दिवस लांबले तरी चालेल. दगड सिलिकॉनवर बसवावा. ओल्या सिमेंटचे पाणी प्लायवूड फुगवते. दगड कपाटाच्या दारापेक्षा इंचभर पुढे असावा आणि त्याच्या कडेखाली बारीक खाच असावी, म्हणजे सांडलेले पाणी दारावर न ओघळता खाली टपकते. शेवटचा हप्ता सिंकभोवती पाणी ओतून, खालचे कपाट कोरडे राहिल्याची खात्री करूनच द्यावा.

उंची कोणी ठरवायची?

१०० मिलिमीटरचे पाय, ७२० मिलिमीटरचे कपाट आणि २० मिलिमीटरचा दगड मिळून ८४० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३३ इंच. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ही उंची मानवेलच असे नाही. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला की पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागत नाहीत आणि भाजी चिरताना कंबर वाकत नाही. तरी हा निर्णय बहुतेक घरांत असा माणूस घेतो, ज्याला त्या ओट्यापुढे रोज उभे राहायचे नसते. कपाटांची ऑर्डर देण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभे करून तिच्या कोपराचे माप घ्या. दगड बसल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही.

आणि कापणाऱ्याचे काय?

घरातच कोरडा दगड कापला की उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडात सिलिकाचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा बरेच जास्त. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. आपण निदान एवढा आग्रह धरू शकतो : सिंक-हॉबचे भाग दुकानातच, पाणी सोडून कापून आणावेत. कपाटे बसल्यावर घेतलेले माप अचूक असेल, तर घरात कटर चालवायची वेळ फारशी येत नाही. योग्य क्रमाने ओटा टिकतो आणि कारागिराचे फुप्फुसही वाचते.