‘तुमच्या समाजाविषयी लिहा, बाई!’

गेल्या वीस-बावीस वर्षांत मी मराठी संपादकांना जेवढे लेख पाठवले, त्यांतले निम्म्याहून अधिक साभार परत आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. साभार परत येणे हा मराठी लेखकाचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी पुरेपूर बजावला आहे. तक्रार आहे ती लेखासोबत परत येणाऱ्या चिठ्ठीबद्दल.

एकदा मी लिंबाच्या लोणच्यावर लिहिले होते. आमच्या दादीची बरणी, तिचे झाकण बांधायचे फडके, ते कोणी बांधायचे यावरून दोन सुनांत चाललेला अबोला आणि दादी गेल्यानंतर तिच्या हातचे सात वर्षांचे, काळे पडलेले लोणचे आम्ही बहिणींनी वाटून घेतले ती दुपार, असा तो साधा लेख होता. चिठ्ठी आली: ‘लेख छान उतरला आहे. परंतु लोणच्यावर आमच्याकडे पुष्कळ भगिनी लिहितात. आपण तुमच्या समाजाविषयी लिहा, बाई!’

वाचकहो, त्या ‘आपण’मध्ये अदब आहे आणि ‘तुमच्या’मध्ये कुंपण आहे. एका वाक्यात दोन्ही बसवणे हे मराठीचे कौशल्य! त्या पुष्कळ भगिनींना कोणी ‘तुमच्या समाजाविषयी लिहा’ असे सांगत असेल काय? त्यांचे लोणचे हे नुसते लोणचे असते. माझ्या लोणच्यात मात्र लिंबाच्या फोडींबरोबर अल्पसंख्याकांचा प्रश्न मुरलेला असलाच पाहिजे.

मी कोण, ते एकदा सांगून टाकते. पासष्टी ओलांडलेली, सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी बत्तीस वर्षे मुलींना मराठी शिकवलेली मी एक निवृत्त शिक्षिका. पाच वेळा नमाज पढते. शाळेत असताना मधल्या सुट्टीत शिवणकामाच्या खोलीत जोहर पढत असे. शिपाईणबाई दाराशी बसून ‘आत बाई हायत’ एवढेच सांगे. रोजे धरते, जकात काढते. पाठ ताठ असती तर यात सांगण्यासारखे काही नव्हते. आता सज्द्यातून उठताना गुडघे बोलतात, एवढी एक बातमी आहे. अशा माणसाला आत्मपर लिहायचे आहे. कथा नव्हे, अहवाल नव्हे, भाषण नव्हे, ज्याला आपण ललित लेख म्हणतो तो. आणि अनुभवान्ती माझे म्हणणे असे की, नमाजी माणसाला मराठीत ‘मी’ म्हणण्याची सोय नाही. त्याने म्हणायचे ते ‘आम्ही’.

आमच्यासाठी मराठी साहित्याच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. एक संताची, दुसरी सुधारकाची. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, ते पहिल्या खुंटीवर. हमीद दलवाई दुसऱ्या खुंटीवर. दोघांनाही माझा सलाम आहे. 18 एप्रिल 1966 रोजी सात स्त्रियांना बरोबर घेऊन दलवाई मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले, तेव्हा त्या सात जणींच्या पायांत जे बळ होते, ते आमच्या कैक मौलवींच्या जिभेत नव्हते, हे मी नमाजी असूनही म्हणते. किंबहुना नमाजी आहे म्हणूनच म्हणते. दलवाईंचा मार्ग माझा नव्हे. ते 1977 साली गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. माझी इच्छा दफनाची आहे, ती घरी सांगून ठेवली आहे. पण मृत्यूनंतरच्या व्यवस्थेवरून जिवंत माणसाच्या लेखनाची प्रतवारी लावू नये, एवढे तरी आपण मान्य करू. आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: दलवाई आधी कथाकार होते. त्यांचा ‘लाट’ हा कथासंग्रह 1961 सालचा आणि ‘इंधन’ ही कादंबरी 1965 सालची. मोर्चा त्यानंतरचा. आज सभेत त्यांचे नाव घेणाऱ्या दहांपैकी किती जणांनी ‘इंधन’ वाचली आहे, ते त्यांनी आपल्या मनाशी मोजावे.

मी संत नाही आणि सुधारकही नाही. मग या भिंतीवर मी टांगून घ्यायचे कुठे?

एकदा त्या दुसऱ्या खुंटीवर मी टांगली गेले, ती हकीकत सांगितली पाहिजे. माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, तिच्या नवऱ्याने तीन शब्दांत घराबाहेर काढले होते. दोन मुले कडेवर घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली. मी त्यावर लिहिले. मी लिहिले होते ते आपाच्या शिवणयंत्राविषयी: पहिल्या महिन्यात तिने गावातल्या किती पोलक्यांना काजे केले, रात्री यंत्राचा आवाज थांबला की अब्बांना जाग कशी यायची, याविषयी. संपादकांनी लेख छापला आणि वर मथळा दिला, ‘बुरख्याआडचे अश्रू’. आमच्या आपाने जन्मात बुरखा घेतला नाही. आणि अश्रूंचे म्हणाल, तर त्या संबंध लेखात कोणी रडत नव्हते; रडायला सवड कोणाला होती?

अंक गावात आला. चौथ्या दिवशी नात्यातले एक बुजुर्ग घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, “बेटी, घर का कपडा सडक पे सुखाया तुमने.” संपादकांना त्यात आमच्या समाजाचे दुःख दिसले, बुजुर्गांना आमच्या समाजाची बदनामी दिसली. आपा दोघांनाही दिसली नाही. तिला कोणीही, अगदी मीसुद्धा, ‘हे छापू का?’ म्हणून विचारले नव्हते. दोन वर्षे ती माझ्याशी बोलली नाही. या संपूर्ण प्रकरणात रागावण्याचा अधिकार फक्त तिला होता आणि तो तिने वापरला.

पुढे 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्दबातल ठरवला आणि 2019 साली त्यावर कायदाही झाला. त्या दिवसांत मला तीन ठिकाणांहून ‘तातडीने लेख हवा’ असे निरोप आले. लोणच्याच्या वेळी कोणाला तातडी नव्हती.

आता आमच्या लोकांकडे वळते, कारण नुसते परक्या अंगणात दगड फेकणे सोपे असते. आमच्यात दुसरा आक्षेप निघतो आणि तो अधिक खोल आहे. नमाजी बाईने ‘मी असे केले, मला तसे वाटले’ असे चारचौघांत लिहावे काय? ही रिया झाली! रिया म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेली इबादत. आमच्या धर्मात हा साधासुधा दोष नाही. कर्माचे मोल नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरते, ही हदीस बुखारींच्या संग्रहाच्या अगदी आरंभी आहे. तेव्हा हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. रमजानवर लिहिताना ‘यंदा सगळे रोजे पुरे झाले’ हे वाक्य मी तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले आहे.

परंतु याच रियाची चिरफाड ज्यांनी सर्वांत कठोरपणे केली, त्या इमाम गझालींनीच आपली स्वतःची हकीकत लिहून ठेवली आहे, त्याचे काय? बगदादच्या निजामिया मदरशात ते नामांकित अध्यापक होते. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर आले, ‘नावलौकिकासाठी’. सहा महिने घालमेल झाली. वर्गात उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, घशाखाली घास उतरेना. शेवटी 1095 साली ती नोकरी सोडून ते निघून गेले. हे सारे त्यांनी ‘मी’ म्हणून लिहिले आहे. एवढ्या मोठ्या इमामाने आपल्या लौकिकाच्या हव्यासाची कबुली दिली ती रिया नव्हे, आणि मी बरणीच्या फडक्याविषयी लिहिले तर रिया! बत्तीस वर्षे शिकवून मला असा प्रश्न एकदाही पडला नाही, याची लाज मात्र गझाली वाचताना वाटली.

आणि बाबर? त्याची राजकीय कुंडली तूर्त बाजूला ठेवा. हल्ली ते नाव काढले की वाचणाऱ्याचे पुढचे वाक्य वाचून होत नाही. पण आठवणी लिहिताना हा माणूस आपली दारू लपवत नाही, तरुणपणीचा लाजाळूपणा लपवत नाही आणि हिंदुस्थानात खरबूज कापताना मायदेशाच्या आठवणीने आपण रडलो हेही लपवत नाही. खरबुजावर रडणाऱ्या बादशहाला कोणी ‘आपल्या समाजाविषयी लिहा’ म्हणून सांगितले नाही. त्याची मुलगी गुलबदन बेगम हजला जाऊन आलेली बाई. अकबराच्या सांगण्यावरून तिने फारसीत घरातल्या आठवणी लिहिल्या. तेव्हा नमाजी माणसाने, नमाजी बाईने आत्मपर लिहिणे ही मी काढलेली नवी टूम नव्हे. नवीन असेल तर एवढेच, की मी ते मराठीत करू पाहते. आणि त्या मराठीत कागद, शाई, दौत, मजकूर हे सगळे सामान आमच्या घराच्या वाटेने कधीचेच आलेले आहे. तरीही ‘तुमचे मराठी किती शुद्ध!’ असे मला अजून पत्रांतून कळवले जाते. बत्तीस वर्षे मी या लोकांच्या मुलींचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले!

आता दिवाळीच्या अंकात लिहिते आहे, तर एक दिवाळीची गोष्ट. आमचे वर्ष चंद्राचे, 354 दिवसांचे. त्यामुळे रमजान दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माझ्या आयुष्यात तो दोनदा दिवाळीशी येऊन भिडला. पहिल्यांदा 1972 च्या सुमारास, दुष्काळात. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि दोन्ही घरांत मिलोच्याच भाकरी होत्या. दुसऱ्यांदा 2004 ते 2006 या तीन वर्षांत. दिवाळी अमावास्येची आणि ईद त्यानंतर कोर दिसल्यावरची, त्यामुळे ईद आणि भाऊबीज आगेमागेच आल्या. शेजारच्या काकू भाऊबीजेला आधी चंद्राला ओवाळत. त्या ताम्हन घेऊन गच्चीवर आणि मीही गच्चीवर. दोघी त्याच पश्चिमेकडे डोळे लावून. पहिल्यांदा कोर दिसली ती त्यांना, कारण माझा चष्मा खाली राहिला होता.

त्याआधी आठ दिवस त्यांच्या चकल्यांना मी गेले होते. भाजणी मळायला माझा हात लागतो असे त्या म्हणत. मीठ बरोबर आहे का ते पाहायला त्यांनी पिठाचे बोट माझ्यापुढे केले, मग एकदम मागे घेतले. “अगं बाई, तुझा रोजा!” जिभेच्या टोकाला लावून थुंकायला गरजेपुरती मोकळीक आहे, हे मला ठाऊक होते, पण त्यांना घरच्या नैवेद्याआधी चव घ्यायची नव्हती आणि मला मगरिबच्या आधी. असे दोन उपवाशी जिवांनी चार शेर भाजणीचे मीठ अंदाजाने ठरवले. चकल्या खारट झाल्या. मऊही पडल्या, पण तो दोष मोहनाचा.

हा प्रसंग मी लिहून पाठवला तेव्हा एका संपादकांनी त्याला ‘सलोख्याची चकली’ असे नाव सुचवले. मी लेख परत मागवला. त्या संध्याकाळी आम्ही सलोखा करत नव्हतो. चकल्या करत होतो आणि त्या बिघडल्या होत्या. काकूंनी त्याचा दोष पुढे दोन वर्षे माझ्या माथी मारला, तो त्यांचा हक्कच होता. काकू आता नाहीत. सलोख्याचा नमुना म्हणून त्यांना मी मांडणार नाही, जशी आपाला दुःखाचा नमुना म्हणून पुन्हा मांडणार नाही.

आपाने हा लेख वाचला आहे. या वेळी छापण्याआधी तिला दाखवला. ती म्हणाली, काजे पोलक्यांना नव्हते, शाळेच्या गणवेशांना होते. आणि पहिल्या महिन्यात नव्हे, दुसऱ्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे वाचकांनी सुधारून घ्यावे. लोणच्यावरचा लेख अजून मजपाशी आहे. कोणा संपादकांना हवा असल्यास कळवावे; मथळा मात्र मी दिलेलाच राहील, आणि तो ‘लिंबाचे लोणचे’ असा आहे.